एका संगणकीय कथाखेळाची पाठपरंपरा

पाठचिकित्सेचा विचार आपल्याकडे प्रायः हस्तलिखितांच्या संदर्भात होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले आणि १९६६ मध्ये पुरे केलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य डोळ्यांपुढे असताना ‘पाठ’ म्हटले की भूर्जपत्रे, पोथ्या आणि लेखनिकांचे प्रमाद यांचीच आठवण व्हावी, यात नवल नाही. परंतु गेल्या अर्धशतकात वाङ्मयाचा एक असा प्रकार निर्माण झाला आहे, की ज्याचा मजकूर कागदावर कधी उतरलाच नाही. तो यंत्राच्या स्मृतीत जन्मला, यंत्राकडूनच त्याच्या प्रती झाल्या आणि ते यंत्र मोडीत निघाले तेव्हा मजकूरही त्याच्यासह जावयाचा, अशी त्याची अवस्था होती. अशा मजकुराला पाठपरंपरा असते काय, आणि असल्यास ती कोणी सांभाळली, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या व वाङ्मयाच्या अभ्यासकांनी उपेक्षावा असा नाही. ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने प्रसिद्ध असलेला संगणकीय कथाखेळ या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरतो.

या खेळाचा मूळ कर्ता विल क्राउदर. अमेरिकेतील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या संस्थेत तो प्रोग्रामर होता. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप जे अर्पानेट, त्याची यंत्रणा उभारण्यात त्याचा वाटा होता. गुहांचे संशोधन हा त्याचा दुसरा व्यासंग. त्याची पत्नी पॅट्रिशिया क्राउदर ही तर केंटकीतील फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहासंहतींमधील जोडवाट १९७२ च्या सप्टेंबरात ज्या तुकडीने शोधून काढली, तीत सहभागी होती. पुढे या दांपत्याचा विवाहविच्छेद झाला. त्यानंतर १९७५–७६ च्या सुमारास, आपल्या मुलींना रमविण्यासाठी म्हणून, क्राउदरने पीडीपी-१० या संगणकावर फोर्ट्रान भाषेत एक प्रोग्राम लिहिला. त्यात चित्र नाही, ध्वनी नाही. यंत्र गुहेतील एका स्थळाचे चार-दोन वाक्यांत वर्णन करते. खेळणाराने एक किंवा दोन शब्दांची आज्ञा टंकित करावयाची. यंत्राने त्या आज्ञेचा परिणाम सांगावयाचा. आणि अशा रीतीने अंधाऱ्या भुयारातून पुढे पुढे जावयाचे. यातील भूगोल बहुतांशी कल्पित नाही. मॅमथ केव्ह परिसरातील बेडक्विल्ट नामक भागाचे जे प्रत्यक्ष सर्वेक्षण क्राउदरला अवगत होते, त्यावर तो आधारलेला आहे, आणि वर्णनांची भाषाही गुहासंशोधकांच्या बोलण्यातील पारिभाषिक शब्दांनी भरलेली आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वूड्स या विद्यार्थ्याला हा प्रोग्राम तेथील एका संगणकावर आढळला. कर्त्याचा ठावठिकाणा ठाऊक नसल्यामुळे अर्पानेटवरील प्रत्येक संगणकावर ‘क्राउदर’ या नावाने त्याने पत्र धाडले, असे सांगतात. अनुमती आणि सोर्स कोड दोन्ही मिळाल्यावर वूड्सने १९७७ मध्ये त्यात मोठी भर घातली आणि खेळाला ३५० गुणांची परिमिती दिली. जगभर पसरली ती हीच संयुक्त संहिता.

येथे या मजकुराच्या घडणीकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. खेळणाराच्या शब्दांतील केवळ पहिली पाच अक्षरे यंत्र वाचते. यामागे भाषाविषयक कोणतीही भूमिका नाही. कारण निव्वळ यांत्रिक आहे. पीडीपी-१० च्या स्मृतीतील एक शब्द ३६ बिटांचा. रोमन लिपीतील एका अक्षरास ७ बिटे लागतात. तेव्हा एका यंत्रशब्दात पाच अक्षरे बसतात आणि एक बिट उरते. परिणामी, ज्या दोन इंग्रजी शब्दांची पहिली पाच अक्षरे समान, ते या खेळाच्या व्याकरणात एकच शब्द होतात. ईशान्य या दिशेचे इंग्रजी नाव टंकित केल्यास यंत्राला ते उत्तरेहून निराळे वाटत नाही, कारण त्याची पहिली पाच अक्षरे म्हणजेच ‘उत्तर’. म्हणून ईशान्येसाठी दोन अक्षरांचा संक्षेप वापरावा अशी सूचना खेळातच द्यावी लागली. एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारा, एक्स-वाय-झेड-झेड-वाय या अक्षरांचा तो सुविख्यात मंत्रशब्दही नेमका पाच अक्षरी आहे. भाषेची सीमा यंत्राच्या मापाने ठरते याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. मर्यादित कोश, क्रियापद व नाम एवढीच वाक्यरचना आणि अर्थाऐवजी पूर्वनिश्चित तक्त्यातून उत्तर असे या ‘व्याकरणा’चे स्वरूप वर्णनात्मक भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला एका बैठकीत अभ्यासता येईल.

दुसरा विशेष याहूनही महत्त्वाचा. गुहेत दोन चक्रव्यूह आहेत. पहिल्यातील सर्व स्थळांचे वर्णन शब्दशः एकच. कोणत्या दालनात आपण उभे आहोत हे कळावे म्हणून खेळणाराला जवळच्या वस्तू खुणेसाठी टाकीत जावे लागते. दुसरा व्यूह वूड्सने रचलेला. त्यात प्रत्येक दालनाचे वर्णन वरवर पाहता तेच, पण ‘लहान’, ‘वळणांचे’, ‘व्यूह’, ‘वाटा’ अशा अर्थाच्या चार-पाच इंग्रजी शब्दांचा क्रम मात्र प्रत्येक ठिकाणी पालटलेला. वाक्यातील पदक्रम हाच तेथे स्थलनिर्देश होय. एखाद्या सद्हेतूने प्रेरित झालेल्या लेखनिकाने ही पुनरुक्ती प्रमाद समजून सर्व वाक्ये एकसारखी केली, तर व्यूहातून वाट काढण्याची एकमेव खूण नाहीशी होईल. पोथीतील पाठभेदाने अर्थ बिघडतो. येथे पाठभेदाने वाटच बुजते. (मराठीत हा व्यूह उतरवू पाहणाराला विशेषणांच्या लिंगवचनांमुळे आणखी एका अडचणीस तोंड द्यावे लागेल, क्रम फिरविला की रूपेही फिरणार, आणि मग भेद कशाने ओळखावयाचा?)

या संहितेच्या प्रती कशा झाल्या? विकत घेऊन नव्हे. ज्या संस्थेत संगणक, त्या संस्थेतील कुणीतरी दुसऱ्या संस्थेतील कुणाकडून ती उतरवून घेतली, आपल्या यंत्राला जुळेल अशी तिची डागडुजी केली आणि हात शिवशिवले म्हणून दोन दालने अधिक बांधली. १९७७ मध्ये रँड संस्थेतील जिम गिलोग्ली याने ती सी भाषेत उतरविली. तीच पुढे बर्कलेच्या युनिक्स-संग्रहातून लिनक्सच्या वितरणांपर्यंत आली आणि डेबियनसारख्या वितरणातील जुन्या खेळांच्या संचात आजही मिळते. डेव्हिड प्लॅटची १९७९ ची विस्तारित संहिता ५५० गुणांची. स्वतः वूड्सने पुढे केलेली विस्तारित प्रत ४३० गुणांची. अभ्यासकांनी या प्रतींना नावे दिली ती याच गुणसंख्यांवरून. आणि पाठचिकित्सेत हस्तलिखितांना जी संकेताक्षरे देतात, त्यांचेच काम या संख्या करतात. कोणत्या प्रतीत कोणते दालन आहे व कोणते नाही, यावरून शाखा-उपशाखांचा वंशवृक्ष मांडता येतो. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत जी पद्धती सांगितली, की परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरांचे जेथे ऐकमत्य तेथे मूळ पाठ मानावा, ती या फोर्ट्रानच्या ओळींनाही लागू पडते. भेद इतकाच, की येथे भर घालणाराने बहुधा आपले नाव आणि दिनांकही लिहून ठेवला आहे. व्यासपरंपरेतील अनाम सूतांनी तेवढा उपकार केला असता, तर पुण्यातील पंडितांची कित्येक वर्षे वाचली असती.

तथापि मूळ प्रत, म्हणजे वूड्सचा हात लागण्यापूर्वीचा क्राउदरचा पाठ, कित्येक वर्षे नष्ट झाली असे मानले जात होते. तिच्याविषयी एक अनुमान मात्र रूढ झाले होते. क्राउदर हा गुहांचा जाणकार, तेव्हा त्याने केवळ गुहेची यथातथ्य प्रतिकृती केली असणार. बुटके, कुऱ्हाडी, जादूचे शब्द ही सारी अद्भुताची भर वूड्सची, असे ते अनुमान. ते इतके सयुक्तिक वाटे की कोणी त्याला आव्हान दिले नाही. २००५ मध्ये डेनिस जर्झ या इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या प्रयत्नांतून, वूड्सच्या स्टॅनफर्डमधील विद्यार्थिदशेतील खात्याच्या बॅकअपमध्ये क्राउदरचा मूळ सोर्स कोड सापडला. जर्झने प्रत्यक्ष गुहेत उतरून वर्णने ताडून पाहिली आणि २००७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ पाठात बुटके होते, कुऱ्हाड होती, मंत्रशब्दही होता. कर्त्याच्या व्यवसायावरून संहितेचे स्वरूप ठरविण्याची जी सवय वाङ्मयेतिहासकारांना जडलेली असते, तिचे हे प्रायश्चित्त म्हणावे लागेल. ही प्रत टिकली ती कोणाच्या जतनधोरणामुळे नव्हे. विद्यापीठाच्या यंत्रशाळेत नित्यनेमाने घेतल्या जाणाऱ्या बॅकअपच्या फिती कोणी फेकून दिल्या नाहीत, एवढेच तिचे भाग्य.

मजकूर सापडला, पण तो चालवावयाचा कशावर? डिजिटल कृतीचे जतन आणि ग्रंथाचे जतन यांतील मूलभूत अंतर येथे दिसून येते. पोथी वाचावयास डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरते. प्रोग्रामला त्याचे यंत्र लागते. यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग जुने यंत्रच नव्या यंत्रात आभासरूपाने उभे करण्याचा. यास एम्युलेशन म्हणतात. पीडीपी-१० सारख्या कालबाह्य संगणकांचे वर्तन तंतोतंत करून दाखविणारा ‘सिमएच’ हा मुक्त प्रोग्राम लिनक्सवर चालतो. त्यात पाच अक्षरांची मर्यादा ही मर्यादा म्हणूनच अनुभवास येते. दुसरा मार्ग भाषांतराचा, म्हणजे जुन्या भाषेतील प्रोग्राम नव्या भाषेत लिहिण्याचा. डोनाल्ड क्नुथने १९९८ मध्ये ३५० गुणांच्या संहितेचे असे भाषांतर, प्रोग्राम आणि त्यावरील भाष्य एकत्र विणून, सिद्ध केले. ते टीकेसह छापलेल्या ग्रंथासारखे वाचता येते. २०१७ मध्ये एरिक रेमंड याने दोन्ही कर्त्यांच्या संमतीने ४३० गुणांची संहिता ‘ओपन अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली. फोर्ट्रानमधून यांत्रिक रीतीने सी भाषेत आलेल्या त्या प्रोग्राममधील उड्या मारणाऱ्या आज्ञांचे जंजाळ त्याने सोडविले आणि स्थळे, वस्तू व संवाद यांचा मजकूर आज्ञांपासून अलग काढून निराळ्या फाइलीत ठेवला. नव्या खेळणाराच्या सोयीसाठी काही बदल केले. पण मूळ वर्तन हवे असेल त्याला आरंभी एक खूण टंकित करून ते परत आणता येते. स्वीकृत पाठ वर आणि पाठभेद तळटीपेत, ही चिकित्सक आवृत्तीची शिस्तच येथे निराळ्या वेषात आली आहे.

दोन्ही मार्गांपैकी श्रेष्ठ कोणता, हा वाद निष्फळ आहे. भाषांतराची पारख करावयास मूळ लागते, आणि मूळ समजावयास बहुतेकांना भाषांतर. परंतु दोहोंसाठी एक अट समान आहे. सोर्स कोड पाहण्याची, उतरविण्याची आणि बदलण्याची मुभा असली पाहिजे. लिनक्सचे महत्त्व येथे आहे. लिनस टॉर्व्हाल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये घोषित केलेली आणि पुढील वर्षी जीएनयूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम विनामूल्य आहे, ही गोष्ट गौण होय. तिचा प्रत्येक थर उघडा आहे. म्हणून आज जो एम्युलेटर तिच्यावर चालतो, तो तीस वर्षांनी चालेनासा झाल्यास का चालत नाही हे शोधता येते आणि दुरुस्त करता येते. बंद प्रणालीवर जतन केलेली वस्तू म्हणजे जिची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला आहे अशी पेटी.

या परवान्यातील एक कलम मराठी वाचकाला विशेष रोचक वाटेल. जो कोणी प्रोग्राममध्ये फेरफार करील, त्याने आपण फेरफार केला आहे हे व केव्हा केला ते ठळकपणे नमूद केले पाहिजे, असे त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत बंधन आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यावेळी त्यांच्यापुढे नेमकी हीच आपत्ती होती: पाठांतरांनी आणि भरीच्या ओव्यांनी ग्रंथ गढुळला होता. त्यांनी उपाय योजिला तो निषेधाचा. यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये. मुक्त परवान्याने उपाय योजिला तो नोंदीचा; ओवी अवश्य घाला, पण खाली नाव घाला. प्रमाणग्रंथाला पहिला उपाय योग्य, चालत्या यंत्राला दुसरा, कारण यंत्राच्या संहितेत कोणी काहीच बदलले नाही तर ती दहा वर्षांत मुकी होते.

याच्या उलट स्थिती पाहावयाची असेल तर ‘झॉर्क’कडे वळावे. ‘अ‍ॅडव्हेंचर’पासून स्फूर्ती घेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील चौघांनी १९७७ पासून हा खेळ रचला आणि १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी निघाली. घरगुती संगणक नाना जातींचे असल्यामुळे त्यांनी एक काल्पनिक यंत्र निर्माण केले, ‘झेड-मशीन’. खेळ त्या काल्पनिक यंत्रासाठी एकदाच लिहावयाचा आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्याचा एक दुभाषी तयार करावयाचा. जागा वाचविण्यासाठी सोळा बिटांत तीन अक्षरे कोंबली होती. शब्द ओळखताना आरंभीच्या आवृत्त्या सहा आणि नंतरच्या नऊ अक्षरे पाहत. योजना व्यापारी सोयीसाठी होती, परंतु जतनाला तीच तारक ठरली. कंपनी १९८६ मध्ये विकली गेली आणि १९८९ मध्ये तिचे काम थांबले. सोर्स कोड मिटलेलाच होता. तेव्हा जगभरच्या हौशी अभ्यासकांनी, एखाद्या अज्ञात लिपीचे वाचन करावे त्याप्रमाणे, खेळांच्या फाइलींवरून त्या काल्पनिक यंत्राचे नियम उकलले. ग्रॅहम नेल्सनने १९९३ मध्ये त्याच यंत्रासाठी नवे खेळ लिहिता यावेत म्हणून ‘इन्फॉर्म’ ही भाषा रचली आणि १९९७ मध्ये यंत्राचे प्रमाणित वर्णनही सिद्ध झाले. हे सर्व मालकाच्या साहाय्याविना झाले. इन्फोकॉमचा सोर्स कोड २०१९ मध्ये जेसन स्कॉट या संग्राहकाने सर्वांसमोर ठेवला; तो वापरण्याचा कायदेशीर परवाना ‘झॉर्क’च्या तीन भागांपुरता तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाला, त्यावेळी त्याचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे आले होते. वाचन आधी आणि अनुमती नंतर, असा हा क्रम आहे.

‘झॉर्क’ सुदैवी. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात कोणत्याही अधिकृत स्वरूपात मिळत नाहीत, असा निष्कर्ष व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीने काढला. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. अभ्यासकाने स्वतः त्या वास्तूत जाऊन बसावे, असाच त्याचा अर्थ होतो.

आपल्याकडील कायद्यात अडचण आहे ती निराळ्या जातीची. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या ५२ व्या कलमात २०१२ च्या दुरुस्तीने एक अपवाद घातला गेला: अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाने जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठविल्यास तो भंग होत नाही, मात्र त्या ग्रंथालयाजवळ त्या कृतीची अ-डिजिटल प्रत आधीपासून असली पाहिजे. छापील ग्रंथाच्या दृष्टीने ही अट समंजस आहे. पण जी कृती डिजिटलच जन्मली, तिची अ-डिजिटल प्रत कोठून आणावी? ज्या वाङ्मयाला या सवलतीची सर्वांत निकड, तेच नेमके या शब्दांतून बाहेर राहते.

आणि हे वाङ्मय म्हणजे केवळ परदेशी खेळ नव्हेत. मराठीच्या विभागांतून १९९० नंतरची काही वर्षे जे प्रबंध, कोशपत्रिका आणि बोलींची संकलने संगणकावर टंकित झाली, त्यांतील बराचसा भाग युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश असला, तरी लेखनव्यवहारात ती रुळावयास पुढे पुष्कळ काळ गेला. त्या जुन्या फाइलींत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठविलेलाच नाही. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी वर्णांचे तुकडे बसविलेले आहेत: अर्धा आकार एका क्रमांकावर, दंड दुसऱ्या, रफार तिसऱ्या, आणि ऱ्हस्व इकार, तो उच्चारात मागाहून येत असला तरी, दिसतो त्या क्रमाने व्यंजनाच्या आधी. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतील र-काराचे खास मराठी रूप तर प्रत्येक फॉन्टात स्वतंत्र ठिकाणी. फॉन्ट गेला की पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा उरतो. फाइल जशीच्या तशी असते. नाहीसा होतो तो तिचा वाचक.

यांचे रूपांतर अशक्य नाही, आणि लिनक्सवर त्याची मुक्त साधने आहेत. परंतु प्रत्येक फॉन्टाचा क्रमांक-तक्ता हाती असल्याखेरीज ती चालत नाहीत. आणि तक्ता नसेल तर तो त्या फाइलीची छापील प्रत समोर ठेवून, अक्षर अक्षर लावून काढावा लागतो, जसा झेड-मशीनचा काढला गेला. म्हणून अशी फाइल ठेवताना तिच्याबरोबर फॉन्टाची फाइल, टंकलेखनाच्या प्रोग्रामचे नाव व आवृत्ती आणि निदान काही पाने छापील स्वरूपात ठेवणे अगत्याचे आहे. प्रबंधांची छापील प्रत ग्रंथालयात असतेच. क्षेत्रकार्यातून जमविलेली, केवळ फ्लॉपीवर राहिलेली शब्दसंकलने मात्र कायद्याच्या सवलतीतही बसत नाहीत आणि त्यांचा तक्ता जुळवावयास दुसरी साक्षही नाही. तेव्हा कामाला आरंभ करावयाचा तो त्यांच्यापासूनच, आणि ज्यांनी ती टंकित केली त्यांना कोणता फॉन्ट वापरला हे आठवते आहे तोवर.